बाकाशेजारची जागा

महाराष्ट्रातील कोणत्याही जुन्या पेठेतून सावकाश चालत गेले, तर रस्त्याकडेच्या बाकांवर आणि पाणपोयांवर त्या गावाच्या व्यापाराचा एक लहानसा इतिहास वाचावयास मिळतो. ‘कै. पिताश्रींच्या स्मरणार्थ’, ‘मातोश्रींच्या पुण्यस्मृतीप्रीत्यर्थ’, खाली पेढीचे नाव, त्याखाली साल. कुठे सिमेंटच्या पाठीवर कोरलेली अक्षरे, कुठे काळ्या ग्रॅनाइटमध्ये भरलेला सोनेरी रंग. व्यापारी घराण्यांनी मोठ्या रकमा मंदिरास, पांजरपोळास, विद्यार्थ्यांच्या वसतिगृहास दिल्या. त्यांची नोंद वहीत आहे. पण ज्याचे नाव कधी कळणार नाही अशा वाटसरूला जे दिले गेले, ते बहुधा या दोन रूपांतच दिले गेले: बसायला जागा आणि प्यायला पाणी. नऊ पुण्यांच्या गणनेत अन्नाच्या पाठोपाठ पाणी येते आणि त्यापाठोपाठ विसाव्याची जागा येते, हे पेठेतल्या माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही.

अशाच पेठेतील एक घर कल्पावे. कापडाचे साठ वर्षांचे दुकान, आता तिसरी पिढी गल्ल्यावर बसते. घरातील वडीलधाऱ्यांना सारी पेठ बाबूजी म्हणते. पंचाहत्तरी ओलांडल्यावर एका पहाटे त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. प्राण वाचले, वाचाही बरीचशी परतली. उजव्या पायातले बळ मात्र परतले नाही. मुलांनी चांगली व्हीलचेअर आणली, ती ढकलायला माणूस ठेवला. घर आणि दुकान यांत जेमतेम तीनशे पावलांचे अंतर. बाबूजींची मागणीही फार नव्हती. सकाळी दुकान उघडताना तासभर गादीजवळ असावे, आणि संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बाकाशी जुन्या चौघांबरोबर बसावे, एवढेच.

पहिल्याच आठवड्यात लक्षात आले की ही तीनशे पावले पायांनी मोजलेली होती. घरासमोरच्या पदपथाची कड गुडघ्याच्या निम्म्याने उंच. खुर्ची मागे कलवून, पुढची चाके उचलून ती चढवावी लागे. चढवली की वीस पावलांवर विजेची पेटी, तिला वळसा घालायचा तर पुन्हा खाली रस्त्यावर. पुढे पदपथाच्या तोंडाशी स्टीलचे चार चकचकीत खांब, त्यांच्यातल्या फटीतून माणूस अंग चोरून जाईल, खुर्ची जाणार नाही. हे खांब मोटारसायकली वर चढू नयेत म्हणून पेठेतल्या व्यापाऱ्यांनीच अर्ज करून बसवून घेतलेले. त्या अर्जावर पहिली सही बाबूजींची होती.

आणि शेवटी तो बाक. पाठीवर बाबूजींच्या वडिलांचे नाव. चिखल लागू नये म्हणून वीतभर उंच चौथऱ्यावर बसवलेला, चौथरा बाकाच्या लांबीएवढाच. चौघे मित्र वर बसत आणि बाबूजींची खुर्ची खाली, रस्त्याच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्या वाहनांकडे पाठ करून उभी राही. बोलणे ऐकू यायचे तर मान वर करावी लागे. प्रत्येक हॉर्नला मागचा माणूस खुर्ची हातभर सरकवी आणि बोलणे तुटे. पंधरा दिवसांनी बाबूजी म्हणू लागले की ऊन फार असते. मग म्हणू लागले की थंडी बाधते. घरच्यांनी ते खरे मानले. घरात टीव्ही आहे, झोपाळा आहे, नातवंडे आहेत. त्यात कमतरता कशाची, असे त्यांना वाटले.

ही गोष्ट एका घराची नाही. २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या, आणि त्यांतील सुमारे ५४ लाखांना चालण्या-फिरण्याशी संबंधित अपंगत्व होते. ही नोंद ज्यांना दिव्यांग म्हणून मोजले गेले त्यांची. मांडीचे हाड मोडून तीन महिने खुर्चीत असलेली आजी, गुडघ्यांनी दगा दिलेले काका, झटका येऊन गेलेले वडील यांना घरात कोणी दिव्यांग म्हणत नाही; म्हातारपण म्हणतात. रस्त्याला मात्र या शब्दांतला फरक कळत नाही.

खांबांचा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही, आणि तो न्यायालयापर्यंत गेलेला आहे. मुंबईत पदपथांच्या तोंडाशी इतक्या जवळजवळ खांब बसवले गेले की व्हीलचेअरवरील माणसाला पदपथावर प्रवेशच उरला नाही. अशाच एका नागरिकाने मुंबई उच्च न्यायालयास ई-मेलने ही अडचण कळवली आणि २०२३ मध्ये न्यायालयाने तिची स्वतःहून दखल घेऊन जनहित याचिका म्हणून सुनावणी सुरू केली. खांब बसवणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पदपथ चालणाऱ्यांसाठी मोकळे राहावेत हाच तो होता. चालणारा म्हणजे दोन पायांवर चालणारा, एवढेच त्यांनी गृहीत धरले होते.

येथे थोडे गणित केल्यावाचून गत्यंतर नाही, आणि गणिताला व्यापारी वाचक घाबरत नाही. साध्या व्हीलचेअरची रुंदी सुमारे ६५ सेंटिमीटर. बसणारा स्वतः चाके फिरवीत असेल तर बोटे आणि कोपरे धरून ती ७५ ते ८० होते. न घासता सरळ जायचे तर ९० सेंटिमीटर मोकळी वाट हवी. आता मोटारसायकल घ्या. बाजारात रोज दिसणाऱ्या मोटारसायकलींची आणि स्कूटरींची रुंदी ७० ते ७५ सेंटिमीटरच्या आसपास असते. म्हणजे मोटारसायकल अडेल एवढी फट ठेवली तर खुर्ची अडते, आणि खुर्ची जाईल एवढी ठेवली तर मोटारसायकलही जाते. लोखंडाच्या खांबाकडून या दोघांत निवड करण्याची अपेक्षा धरणे ही मूळ चूक आहे. ते काम दंडाचे आहे, वाहतूक पोलिसाचे आहे; आणि खरे बोलायचे तर ते पेठेतल्या दुकानदारांचेही आहे. कारण पदपथावर चढणाऱ्या दुचाकींपैकी बऱ्याच त्यांच्याच गिऱ्हाइकांच्या असतात, काही दुकानातल्या पोऱ्यांच्या आणि एखाद-दुसरी मालकाचीही.

मग खांब नकोतच का? तसे नाही. रिक्षाची रुंदी सुमारे १३० सेंटिमीटर, लहानात लहान मोटारीची दीड मीटरच्या घरात. दोन खांबांत १२० सेंटिमीटर अंतर ठेवले तर अशी रिक्षा किंवा मोटार आत येत नाही आणि व्हीलचेअर निर्वेध जाते. पेठेतले खांब योग्य आहेत की नाहीत हे पाहण्यास अभियंता लागत नाही. प्रत्येक कापड दुकानात माल मोजायची एक मीटरची पट्टी असते. ती दोन खांबांमध्ये आडवी धरून पाहावी. पट्टी आरामात मावली तर चिंता नाही. पट्टीचे चार बोटांपेक्षा जास्त टोक बाहेर राहिले, तर ती फट बाबूजींसाठी बंद आहे.

कायद्याकडे वळायचे तर तो नाही असे कोणास म्हणता येणार नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली संमत झाला आणि एप्रिल २०१७ पासून लागू झाला. रस्ते आणि वाहतूक दिव्यांगांना वापरता येण्याजोगी करण्याची जबाबदारी कलम ४१ शासनावर टाकते. कलम ४६ तर सेवा देणाऱ्या खाजगी मंडळींनाही लागू आहे. सुगम्यतेचे नियम झाल्यापासून दोन वर्षांची मुदत त्यात होती, ती केव्हाच उलटली. उल्लंघनाला पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, पुढच्या प्रत्येक वेळी पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत. खाजगी सेवांचा हा भाग व्यापाऱ्यांच्या बैठकांत क्वचितच वाचला जातो.

तरीही रस्ते बदलले नाहीत, याचे एक कारण सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणातील निकालात दाखवून दिले. मोजमापे, उतार, उंची सांगणाऱ्या मार्गदर्शक पुस्तिका सरकारकडे होत्या. पण २०१७च्या नियमांतील १५(१) हा नियम त्यांना केवळ शिफारशीचे रूप देत होता. पाळले तर पाळले. न्यायालयाने हा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि किमान गोष्टी सक्तीच्या करणारे नियम तीन महिन्यांत करण्यास केंद्र सरकारला सांगितले. सक्तीचा भाग शासनाकडून व्हायचा तसा होईल. परंतु रस्त्यावरच्या पुष्कळशा वस्तू शासन स्वतः ठरवीत नाही. त्या दानातून येतात, आणि तिथे आकार देणाऱ्याच्या हाती असतो.

दानाच्या वस्तूचा आकार हा विचार नवा नाही. मुंबईत मशीद बंदरच्या भात बाजारात शेठ केशवजी नायक यांच्या नावाचे कारंजे आणि घड्याळाचा मनोरा १८७६ पासून उभा आहे. केशवजी नायक हे कच्छी जैन व्यापारी. शत्रुंजयावरची त्यांची टूक यात्रेकरूंना परिचित आहे. फोर्ट भागात रतनसी मुळजी जेठा यांनी आपल्या अकाली गेलेल्या एकुलत्या मुलाच्या स्मरणार्थ कारंजे उभारले; त्याच्या माथ्यावर पुस्तक घेऊन बसलेल्या मुलाची मूर्ती आहे. या दोन मोठ्या वास्तूंखेरीज मुंबईत बंदराकाठी, बाजारात, नाक्या-नाक्यांवर व्यापाऱ्यांनी बांधलेल्या दगडी पाणपोया होत्या, ज्यांना ‘प्याऊ’ म्हणत. १८७४ साली शहरात ट्राम सुरू झाली ती घोड्यांची. मालाच्या गाड्या बैलांच्या. म्हणून यांतल्या बऱ्याच प्यावांची रचना पाहण्यासारखी होती. माणसांसाठी हाताच्या उंचीवर पाण्याची धार, आणि खाली जनावरांसाठी हौद. एकाच दानात दोन उंचींवर पाणी.

म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच्या दात्याने, किंवा त्याच्या कारागिराने, हा विचार केलेला होता की तहानलेला जीव एकाच मापाचा नसतो. बैलाची मान कुठवर पोहोचते हे त्याने पाहिले होते. आज बसथांब्याजवळ दिसणारी पाणपोई स्टीलची असते, तिला थंड पाण्याचे यंत्र असते, वर दात्याच्या छायाचित्रासह फलक असतो. पण ती दोन पायऱ्यांच्या ओट्यावर असते, नळ छातीच्या उंचीवर असतात आणि पुढे लोखंडी जाळी असते. जीवदयेचा वारसा सांगणाऱ्या समाजाला हे सांगणे थोडे अवघड आहे, पण उंचीच्या बाबतीत जुना हौद आजच्या पाणपोईपेक्षा शहाणा होता. खुर्चीत बसलेल्या माणसाला आज दुसऱ्याने भरून दिलेला ग्लास घ्यावा लागतो. पाणी मिळते, नाही असे नाही. मागावे लागते एवढेच. आणि मागून मिळवायचे असेल तर ती पाणपोई कशाची?

सुधारणा फार खर्चाची नाही. ओटा काढून टाकावा, किंवा निदान एक बाजू रस्त्याच्या सपाटीला ठेवावी. चार नळांपैकी एक नळ जमिनीपासून ९० सेंटिमीटरच्या आत असावा. त्याखालचे भांडे उथळ असावे आणि त्याच्याखाली सुमारे ७० सेंटिमीटर उंचीची पोकळी मोकळी असावी, म्हणजे खुर्चीतल्या माणसाचे गुडघे आत जातात आणि तो समोरासमोर नळापर्यंत पोहोचतो. खालचा भाग फरश्या लावून बंद केला की नळ कितीही खाली आणा, गुडघे आड येतात आणि हात पोहोचत नाही. अंगठ्याने जोर देऊन दाबायचे नळ पाणी वाचवतात हे खरे; पण झटक्यानंतर हातातला जोर गेलेल्याला, संधिवाताने बोटे वाकलेल्याला ते उघडत नाहीत. त्याऐवजी मनगटाने किंवा कोपराने ढकलता येईल असा लांब दांडीचा नळ बसवावा. सांडलेल्या पाण्याची वाट पाणपोईच्या मागच्या बाजूने काढावी. पुढे शेवाळ धरले की ते काठी टेकणाऱ्यासाठी खुर्चीवाल्यापेक्षाही अधिक धोक्याचे. हा नळ लहान मुलांनाही उपयोगी पडतो. शाळा सुटायच्या वेळी कोणत्याही पाणपोईपाशी मोठ्या मुलाने धाकट्याला उचलून धरलेले दिसते.

बाकाची गोष्ट याहून सोपी आहे, आणि म्हणूनच ती सुटलेली आहे. व्हीलचेअरवरच्या माणसाला बाक कशाला, तो तर बसलेलाच आहे, असे सहज वाटते. पण बाक ही केवळ टेकण्याची वस्तू नसते. ती सोबत बसण्याची वस्तू असते. खुर्चीतल्या माणसाला बाकावर जागा नको असते, बाकाशेजारी हवी असते. ९० सेंटिमीटर रुंद आणि १२० सेंटिमीटर खोल अशी सपाट, पक्की, मोकळी जागा, बाकाच्याच ओळीत, अशी की खुर्ची मागे सरकवून उभी केली असता तिच्यातल्या माणसाचा खांदा बाकावरच्या माणसाच्या खांद्याला येतो. खुर्ची बाकासमोर उभी करावी लागली तर ती वाटेत येते, येणारे-जाणारे तिला धक्के देतात आणि खुर्चीतला माणूस दर खेपेस ओशाळतो. जागा शक्यतो दोन बाकांच्या मधोमध ठेवावी. टोकाला ठेवली तर तो टोकाचाच माणूस राहतो. मधे ठेवली की चौघांत बसतो.

जागेखाली हिरवळ, खडी किंवा खचलेले ब्लॉक चालणार नाहीत. लहान पुढची चाके त्यांत रुततात. पाण्याच्या निचऱ्यासाठी हलका उतार असावा, पण तो जाणवू नये. मागच्या बाजूला चार-पाच सेंटिमीटरची कड असली तर खुर्ची मागे घरंगळत नाही. बाकाची बैठक ४५ सेंटिमीटरच्या आसपास असावी. हल्ली देणगीचे बाक पाठीविना, केवळ ग्रॅनाइटची लादी दोन पायांवर ठेवलेले असे दिसतात. ते दिसायला नेटके असतात, पुसायला सोपे असतात आणि मे महिन्यात दुपारी चार वाजता त्यांवर बसून दाखवावे. वृद्धाला पाठ लागते आणि उठताना रेटा द्यायला हात लागतो. दोन्ही टोकांना हात बसवले तर मात्र खुर्चीतून सरकून बाकावर येऊ पाहणाऱ्याची वाट अडते. म्हणून मोकळ्या जागेकडच्या टोकाला हात नसावा, दुसऱ्या टोकाला असावा. एवढ्यासाठी वेगळा कारागीर लागत नाही. जो बाक करतो त्याला आधी सांगावे लागते.

बाकापर्यंत पोहोचता आले पाहिजे हे उघड आहे, तरी लिहिले पाहिजे. पदपथाची कड १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नसावी, असा संकेत आपल्या रस्तेबांधणीत आहे. १:१२ हा उताराचा मान्य प्रघात, म्हणजे दर एक सेंटिमीटर चढाला बारा सेंटिमीटर लांबी. १५ सेंटिमीटरच्या कडेला १८० सेंटिमीटर लांब उतार लागतो. कंत्राटदार पुष्कळदा दीड फुटात तो संपवतात. अशा उतारावर खुर्ची चढवणाऱ्याची छाती भरून येते आणि उतरवताना खुर्चीतला माणूस पुढे फेकला जातो. उतार आहे म्हणून कागदावर टिकचिन्ह होते, एवढाच त्याचा उपयोग.

हाच हिशेब दुकानाच्या पायरीला लावला की पेठेतली अडचण कळते. पुराचे, तुंबलेल्या गटाराचे पाणी आत येऊ नये म्हणून दुकानाची जोती उंच असतात. एक फुटाच्या जोत्याला १:१२ने बारा फुटांचा उतार हवा. तेवढा पदपथच नाही. आणि दुकानाचा उतार पदपथावर आणून टाकला तर तोच पुढच्या माणसाचा अडसर होतो. तेव्हा जिथे दुकान नव्याने बांधले जात आहे, तिथे उतार आतल्या बाजूस, आपल्याच जागेत घ्यावा. जुन्या दुकानात घडीचा धातूचा उतार ठेवावा, पायरीपाशी खुर्चीतल्या माणसाच्या हाताला लागेल अशा उंचीवर घंटा असावी, आणि आतल्या माणसाने ती ऐकल्यावर उठावे. ज्या गिऱ्हाइकाला पायरी चढता येत नाही ते दुकानातून निघून जात नाही; ते कधी आलेलेच नसते, म्हणून त्याचा तोटा वहीत दिसत नाही. पदपथावर मांडलेले पुतळे, कापडाचे तागे, ‘सेल’चे फलक यांच्याबद्दल निराळे लिहायला नको. सकाळी ते बाहेर काढणारा नोकर मालकाच्या नजरेसमोरच काढतो.

सार्वजनिक रस्त्यावर बाक किंवा पाणपोई द्यायची तर नगरपालिकेची किंवा महापालिकेच्या विभागीय कार्यालयाची परवानगी लागते, आणि एकदा दिल्यावर ती वस्तू दात्याची राहत नाही. म्हणून मापे अर्जातच, आराखड्यासह लिहून द्यावीत. तोंडी सांगितलेली मापे कामाच्या दिवशी कोणाच्या लक्षात नसतात. जुना बाक हलवायचा, चौथरा काढायचा, तरी पुन्हा अर्ज लागतो. आपल्याच आजोबांच्या नावाचा बाक असला तरी लागतो. मंडळाच्या, फेडरेशनच्या किंवा महिला शाखेच्या नावाने वर्षाला पाच-दहा बाक दिले जात असतील तर मापांचा एकच कागद करून ठेवावा, आणि तो करताना खुर्ची वापरणाऱ्या एका माणसाला बोलवावे. बैठक मात्र जिना चढावा लागणाऱ्या सभागृहात ठेवू नये. हा सल्ला विनोदाचा वाटेल. पण पहिल्या मजल्यावर बैठक ठरते आणि मग निमंत्रिताला चौघांनी खुर्चीसकट उचलून वर नेले जाते, असे प्रकार घडतात.

बाबूजींच्या घरी हे सारे नातवाच्या लक्षात आले ते एका वेगळ्याच कारणाने. आजोबांची पुण्यतिथी जवळ आली होती, घरात दरवर्षीप्रमाणे विषय निघाला की यंदा काय द्यायचे, आणि कोणीतरी म्हणाले की उद्यानात दोन बाक देऊ. बाबूजी एरवी अशा चर्चेत पुढे असत. त्या दिवशी ते इतकेच म्हणाले, “आधीचा आहे तोच नीट करा.” नातवाला प्रथम वाटले की बाकाचे सिमेंट उखडले असेल. तो पाहायला गेला तेव्हा बाक धडधाकट होता, अक्षरेही सुवाच्य होती. तो तिथे थोडा वेळ उभा राहिला. मग घरी येऊन त्याने व्हीलचेअर बाहेर काढली, स्वतः तिच्यात बसला आणि ढकलणाऱ्या माणसाला म्हणाला, “चला, बाकापर्यंत.”

अर्जाला चार महिने लागले. खांबांपैकी एक निघाला, कडेला उतार झाला. विजेच्या पेटीचे काम वेगळ्या खात्याकडे असल्याने ती आहे तिथेच आहे, आणि तिथे अजून रस्त्यावर उतरावे लागते. चौथरा फोडायच्या दिवशी नातू दुकानातली मीटरपट्टी घेऊन गेला. बाक दोन हात सरकवून पदपथाच्या सपाटीला बसवला, शेजारी शहाबादी फरशीवर त्याने खडूने चौकोन आखून दिला.

मिस्त्रीने तो चौकोन पाहिला आणि विचारले, “छोटे शेठ, इथे काय बसवायचे?”

“काही नाही,” नातू म्हणाला. “फरशी तेवढी पक्की करा. जागा मोकळीच ठेवायची आहे.”